कॅमेरा, गवाही आणि अमानत

आमच्या लहानपणी वेळापूरच्या आमच्या घरात भिंतीवर एकही फोटो नव्हता. मक्का-मदिनेचे चित्र असलेले एक कॅलेंडर तेवढे असे, आणि वर्ष संपल्यावरही ते खिळ्यावरून उतरत नसे. फोटो असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, असे आजी सांगायची. पुढे तिलाच हजला जायचे ठरले आणि पासपोर्टसाठी अकलूजला जाऊन फोटो काढावा लागला. स्टुडिओतून परत येताना ती एवढेच म्हणाली, "अल्लाच्या घरी जायलाबी फोटू लागतो, मग काय बोलायचं!" त्या दिवसापासून आमच्या घरातला तसवीरीचा वाद मिटला.

मोठ्या जगातही तो वाद काहीसा असाच मिटला. इजिप्तचे मुहम्मद अब्दुह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रांच्या बाजूने लिहिले. त्यानंतर इजिप्तचेच मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोग्राफी जायज ठरवताना मांडले, की फोटो म्हणजे नवी निर्मिती नव्हे. अल्लाहने केलेल्या वस्तूची सावली पकडून ठेवणे एवढेच त्यात होते. सर्वांनीच हे मानले असे नाही. आजही कित्येक उलेमांचे मत वेगळे आहे. पण व्यवहारात पासपोर्ट, ओळखपत्र, लग्नाची कॅसेट आणि आता खिशातला मोबाईल यांनी तो प्रश्न मागे टाकला.

पण हा प्रश्न मागे पडताना दुसरा एक प्रश्न झाकला गेला, असे आम्हाला वाटते. तसवीर काढावी की नाही यावर आपण शंभर वर्षे बोललो. काढलेली तसवीर कोणाची, यावर फारसे बोललो नाही. सावली पकडली हे खरे, पण सावली ज्याची, त्याचा तिच्यावर काही हक्क उरतो की नाही? हा प्रश्न आमच्यापुढे एखाद्या किताबातून आला नाही. तो आला विद्यार्थीदशेत, खांद्यावर कॅमेरा घेऊन वेळापूरच्या रस्त्यावर उभे असताना. त्याचीच ही हकीकत आहे.

साधारण २००६-०७ चा सुमार असेल. आम्ही तिघे मित्र सोलापुरात माहितीपट आणि व्हिडिओ-निर्मिती शिकत होतो. दोघे मुसलमान, तिसरा वारकरी घराण्यातला. वर्गात जे शिकायचे ते पुस्तकातले. हाताने शिकलो ते एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे. कॅमेरा सुरू करण्याआधी पांढऱ्या कागदावर रंग जुळवून घ्या, माणसाच्या डोक्यावर थोडी मोकळी जागा सोडा, खिडकीकडे पाठ करून कोणाला बसवू नका, आवाज आधी तपासा कारण चित्र बिघडले तर चालवून घेता येते, आवाज बिघडला तर सगळे गेले, हे सारे धडे त्याचे. एका टेपमध्ये एक तासाचे चित्रण मावायचे. टेप विकत घ्यावी लागे, म्हणून प्रत्येक मिनिट मोजून खर्च व्हायचे. आजच्या मुलांना हे सांगितले तर हसतील. पण त्या कंजुषीमुळे एक सवय लागली होती. बटण दाबण्यापूर्वी आम्ही विचार करायचो.

वर्गात इतिहास शिकवला जाई. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कॅमेऱ्यासमोर लावलेली कुस्ती चित्रित केली. एका भारतीयाने टिपलेले ते पहिल्यावहिल्या वास्तवचित्रांपैकी एक. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो हे दिवसामागून दिवस, चौकटीमागून चौकट टिपले होते. तिकडे रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा माहितीपट १९२२ मध्ये आला आणि जगभर गाजला. पण त्यातले बर्फाचे घर आतल्या चित्रणाला उजेड मिळावा म्हणून एका बाजूने उघडे ठेवून बांधले होते. ज्या माणसांकडे तोवर बंदुका आल्या होत्या, त्यांना जुन्या पद्धतीने भाल्यांनी शिकार करायला सांगितले होते.

म्हणजे या कलेच्या पाळण्यातच थोडी बनवाबनवी होती. आमचे सर म्हणत, की कॅमेरा आला की माणूस बदलतो, म्हणून शंभर टक्के खरे असे काही टिपता येत नाही. जेवढे खरे राहता येईल तेवढे राहायचे. आम्हाला ते पटले होते. 'जेवढे' या शब्दात किती जागा आहे, ते मात्र तेव्हा कळले नव्हते.

वर्षाच्या शेवटी प्रत्येक गटाने वीस मिनिटांचा माहितीपट करायचा होता. आम्ही वेळापूर निवडले. गावात अर्धनारीनटेश्वराचे प्राचीन मंदिर आहे, यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातले मराठी शिलालेख आहेत. पण आमचा ओढा वारीकडे होता. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघते, खुडूसला रिंगण होते, मग उतारावर 'धावा' होतो आणि पालखी वेळापूरच्या मुक्कामी येते. तुकाराम महाराजांना इथून पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. त्या आठवणीने हजारो माणसे उतारावरून धावतात. आम्ही लहानपणापासून ते पाहत आलो. पालखीच्या दिवशी मुसलमान मोहल्ल्यातली पोरेही पाण्याच्या घागरी घेऊन रस्त्यावर उभी असत. यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

विशेष वाटले ते आम्ही विद्यार्थी झाल्यावर. आमच्या कागदावरच्या आराखड्यात पहिले वाक्य होते, 'हिंदू-मुस्लिम एकात्मतेचे दर्शन.' वाचकहो, या शब्दाला त्या काळी बाजारात भाव होता आणि आम्हाला गुण हवे होते. एकात्मतेला एक चेहराही हवा होता. तो आम्हाला चाचीत सापडला.

चाची मण्यार. नवरा लवकर वारलेला. बांगड्यांची पेटी घेऊन ती आठवड्याच्या बाजारांना जायची आणि पालखीच्या मुक्कामाला रस्त्याकडेला बसायची. वारीतल्या बायका वर्षानुवर्षे तिच्याकडे हिरवा चुडा भरत. त्या समोर उकिडव्या बसायच्या. चाची त्यांचा हात आपल्या हातात घ्यायची, अंगठ्याखालचे हाड दाबून पंजा मऊ करायची आणि काचेची बांगडी अशी सरकवायची की दुखायचे नाही. भरून झाले की बायका तिला वाकून नमस्कार करत. एखादी बांगडी पिचली तर 'फुटली' म्हणायचे नाही, 'वाढली' म्हणायचे, हे आम्हाला तिने शिकवले. कोणता शब्द झाकावा आणि का झाकावा, याची तिला उपजत जाण होती.

आम्ही तिला म्हणालो, "चाची, तुम्ही एवढी वर्षं एकात्मतेचं काम करताय, त्याबद्दल सांगा."

ती हसली. "मी कुठं एकात्मता भरते बाबांनो? मी बांगड्या भरते."

हे वाक्य आम्हाला फार आवडले. इतके आवडले, की त्या वेळी टेप चालू नव्हती म्हणून आम्ही तिला ते पुन्हा म्हणायला लावले. दुसऱ्यांदा ती हसली नाही, नुसते वाक्य म्हणाली. एका वारकरी बाईलाही आम्ही पुन्हा हात पुढे करायला सांगितले, कारण पहिल्या वेळी मध्ये कोणाची तरी पिशवी आली होती. भाला घेऊन शिकार करायला लावणारे फ्लॅहर्टी आणि आम्ही, फरक फक्त बर्फाचा.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आम्ही चाचीच्या घरी गेलो. तिने चहा केला. कॅमेरा तिवईवर लावलेला होता आणि टेप चालू आहे हे तिला सांगितलेले होते. पण माणूस दमलेला असला आणि समोर आपल्याच गावची पोरे बसलेली असली की सांगितलेले विसरतो. बोलता बोलता ती म्हणाली, की यंदा धंदा कमी झाला. का, म्हणून विचारले. तेव्हा तिने सांगितले, की यंदा नव्याने आलेल्या कोणी तरी माणसाने बायकांना बजावले होते, बांगड्या भरायच्या तर 'आपल्या' माणसाकडून भरा. बहुतेक बायकांनी ऐकले नाही. पण एक बाई, जिला चाची वीस वर्षे बांगड्या भरत होती, जिच्या मुलीच्या लग्नाचा चुडाही चाचीने भरला होता, ती यंदा समोरून आली आणि मान खाली घालून पुढे गेली. "शिवी दिली असती तरी चाललं असतं," चाची म्हणाली. "वर बघायला पाहिजे होतं तिनं." मग ती बराच वेळ गप्प बसली. ते गप्प बसणेही टेपवर आहे.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा तिघांनाही कळले होते, की आपल्याला आपला माहितीपट मिळाला. खोटे कशाला सांगावे, दुःखाच्या आधी आम्हाला आनंद झाला होता. त्या आनंदाची लाज अजून वाटते. कोणाच्या दुःखाने आपले काम चांगले होते, हा या धंद्यातला पहिला फितना आहे, आणि कोणत्याही अभ्यासक्रमात तो शिकवत नाहीत.

आठवड्याने चाचीने निरोप पाठवला. आम्ही गेलो. ती म्हणाली, "बेटा, वो बात निकाल दो. हमकू यहींच रहना है."

एवढेच. कारण विचारण्याची गरज नव्हती. पेटी घेऊन तिला त्याच बाजारांत बसायचे होते, त्याच रस्त्यावर.

परतीच्या एस.टी.त आमचा वाद सुरू झाला. तो महिनाभर चालला आणि खरे तर अजून संपलेला नाही.

वारकरी घराण्यातला मित्र म्हणाला, की हा भाग काढायचा नाही. "ही माझ्या वारीतली लाज आहे. माझ्या आजोबांनी पन्नास वाऱ्या केल्या. माउलींच्या वाटेवर कोणी असं वागत असेल, तर ते सगळ्यांच्या आधी मीच दाखवलं पाहिजे." आम्ही दोघे गप्प झालो. कारण तो जे बोलत होता ते कुरआन शरीफमध्येच आहे. सूरह निसामध्ये ईमानवंतांना सांगितले आहे, की न्यायावर ठाम राहून साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का असेना. हा मुलगा आपल्याच लोकांविरुद्ध गवाही द्यायला निघाला होता. आणि सूरह बकरामध्ये गवाही लपवणाऱ्याच्या दिलाला गुन्हेगार म्हटले आहे. मग गवाही लपवा असे मुसलमान मुलांनी कोणत्या तोंडाने सांगायचे?

पण दुसऱ्या बाजूलाही तितकेच वजन होते. परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय कोणाच्या घरात शिरू नका, हा सूरह नूरमधला हुकूम आहे. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या गोष्टी हेरत फिरण्याला मनाई आहे. चाचीच्या घरात आम्ही सलाम करून गेलो होतो हे खरे, पण कॅमेऱ्याने पुढे जे लोक तिच्या घरात शिरणार होते, त्यांनी कोणता सलाम केला होता? आम्हाला मिळालेली इजाजत आमच्यापुरती होती. ती हजार माणसांना परस्पर वाटून टाकायचा हक्क आम्हाला कोणी दिला?

तेव्हा आमच्या मनात सूरह बकरामधली ती लांबलचक आयत आली, जी कर्जाच्या लिखापढीबद्दल आहे. कुरआनमधली ही सर्वांत मोठी आयत. लहानपणी मदरशात पाठ करताना वाटायचे, देण्याघेण्यासारख्या बाबीवर एवढे का सांगितले असेल? माहितीपट करायला लागल्यावर तिचा अर्थ आमच्यापुरता उलगडला. त्यात लिहिणाऱ्याला सांगितले आहे, की न्यायाने लिही, टाळाटाळ करू नकोस. साक्षीदारांना सांगितले आहे, की बोलावले तर नकार देऊ नका. पण मजकूर सांगायचा कोणी? ज्याच्यावर देणे आहे, त्याने. म्हणजे लिहिलेल्या शब्दाचा बोजा ज्याच्या डोक्यावर पडणार, त्याच्या तोंडून शब्द यायला हवेत. तो दुबळा असेल, त्याला सांगता येत नसेल, तर त्याच्या वलीने न्यायाने सांगावे. आणि शेवटी बजावले आहे, की लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला इजा पोहोचू देऊ नका.

आम्ही कोणी आलिम नाही. कर्जाची आयत माहितीपटाला लावणे हा आमचा किआस. तो चुकीचा असेल तर अल्लाह माफ करो. पण त्यातून आम्हाला दोन गोष्टी दिसल्या. एक, गवाही सक्तीची आहे, पण साक्षीदाराला इजेपासून जपणेही तितकेच सक्तीचे आहे. एक हुकूम पाळायचा आणि दुसरा सोडायचा, असे करता येत नाही. दोन, या प्रकरणात साक्षीदार आम्ही नव्हतोच. ती बाई मान खाली घालून गेली, ते आमच्या डोळ्यांसमोर घडले नव्हते. साक्षीदार चाची होती. आम्ही फार तर लिहिणारे होतो, कातिब. कातिबाने साक्षीदाराच्या मर्जीविरुद्ध त्याची साक्ष चावडीवर वाचून दाखवली, तर त्याला गवाही म्हणायचे की खयानत?

सूरह निसामध्येच आणखी एक आयत आहे. वाईट गोष्टीचा जाहीर उच्चार अल्लाहला आवडत नाही. अपवाद फक्त ज्याच्यावर जुलूम झाला त्याचा. म्हणजे आवाज उठवण्याचा हक्क मजलूमचा आहे. तो त्याने वापरावा, वापरू नये, कधी वापरावा, हेही त्यानेच ठरवावे. आम्ही मित्राला एवढेच म्हणालो, "लाज तुझी असेल, पण किंमत तिला मोजावी लागेल."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सगळ्यांनी असंच केलं तर खरं कधीच कोणाला कळणार नाही."

या आक्षेपाला सोपे उत्तर नाही, आणि आमच्याजवळ ते आहे असा आव आम्ही आणत नाही. आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' हा १९९२ मधला माहितीपट घ्या. त्यात अयोध्येच्या मंदिराचे कोर्टाने नेमलेले पुजारी लालदास कॅमेऱ्यासमोर उघडपणे द्वेषाच्या राजकारणाविरुद्ध बोलले. १९९३ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांचे बोलणे त्या माहितीपटात नसते, तर एका पुजाऱ्याची हिंमत आज कोणाला आठवली असती? पण फरक पाहा. लालदास आपल्या पदावरून, स्वतःच्या इच्छेने आणि सर्वांनी ऐकावे म्हणून बोलत होते. शहादत या शब्दाचे दोन अर्थ आहेत, गवाही आणि हुतात्म्य. दोन्ही माणसाने स्वतः पत्करायची असतात. दुसऱ्याला शहीद करण्याचा हक्क कोणाला नाही, मग त्याच्या हातात बंदूक असो की कॅमेरा.

मालेगावचे उदाहरणही आम्ही पुढे अनेकदा आठवले. २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर तिथे कॅमेरे गेले ते रक्त आणि पोलीस टिपायला. त्याच सुमारास फैजा अहमद खान तिथे गेल्या आणि त्यांनी शेख नासीर आणि त्यांच्या मित्रांवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' केला. यंत्रमागावर राबणाऱ्या शफीक शेख यांना निळे कपडे घालून सुपरमॅन करणारी ही मंडळी. तो माहितीपट पाहताना आपण त्यांच्यावर हसत नाही, त्यांच्याबरोबर हसतो. २०१२ मध्ये तो चित्रपटगृहांत आला तेव्हा शफीक या जगात नव्हते, पण त्यांचा चेहरा राहिला. आपण कसे दिसावे यात त्या माणसांचाही वाटा होता, असे पाहताना जाणवते. गरिबाचा आणि मुसलमानाचा चेहरा टिपण्याच्या या दोन रीती आहेत. एकीत तो पुरावा असतो, दुसरीत माणूस.

अखेर आम्ही चाचीचे ते बोलणे काढले. आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी आधी सुचलीच नव्हती. तिचे दुःख काढल्यावर राहिले काय? हिरवा चुडा, वाकून केलेला नमस्कार आणि 'मी बांगड्या भरते' हे दुसऱ्यांदा म्हणवून घेतलेले वाक्य. सगळे गोड. आता तेच खोटे झाले होते. जे आपल्याला माहीत आहे ते झाकून त्याच्या उलट चित्र दाखवणे म्हणजे झाकणे नव्हे, ती झूटी गवाही. म्हणून आम्ही बांगड्यांचे सारे प्रसंगही काढले. वीस मिनिटांच्या माहितीपटाची चौदा मिनिटे उरली. धावा, पाण्याच्या घागरी, मंदिर, रस्ता. सर म्हणाले, "चांगले आहे, पण यात माणूस कुठे आहे?" गुण बेताचे पडले. सरांचे चुकले नव्हते. माणूस आम्ही काढूनच टाकला होता.

त्या वेळी वाटले होते, की आपण योग्य तेच केले. आज तितकी खात्री वाटत नाही. पुढच्या वर्षांत असे बजावणारे वाढले. तेव्हा जे कुजबुजून सांगितले जाई, ते आता मोठ्याने सांगितले जाते, आणि सांगणाराच स्वतःचे चित्रण करून मोबाईलवर पाठवतो. आम्ही चाचीचा ऐब झाकला असे म्हणावे, तर ऐब तिचा नव्हताच. झाकला गेला तो बजावणारा माणूस. दुसऱ्याचे दोष झाका, अशी आपल्याला ताकीद आहे, पण ती जालिमाचा जुलूम झाकण्यासाठी खचितच नाही. मित्राचे म्हणणे आमच्या कानात राहिले आहे.

इतक्या वर्षांनी आमची चूक कुठे झाली ते आम्हाला थोडेसे दिसते. चाचीने 'काढा' म्हटल्यावर आम्ही दोनच वाटा पाहिल्या: ठेवायचे की काढायचे. आयत मजकूर कोणी सांगायचा ते शिकवते, आणि आम्ही ते वाचूनही तिच्याकडे पुन्हा गेलो नाही. 'चाची, हे सांगायचंच झालं तर तुम्ही कसं सांगाल?' एवढा एक प्रश्न विचारायला हवा होता. कदाचित ती म्हणाली असती, चेहरा नको. कदाचित म्हणाली असती, गावाचे नाव नको. किंवा नुसते हात दाखवा. कदाचित काहीच नको म्हणाली असती. पण आम्ही तिला हो किंवा नाही एवढाच हक्क दिला. 'कसे' हा हक्क स्वतःकडे ठेवला, आणि वर आपण फार नेक वागलो असे समजलो.

त्या टेपा आम्ही पुसल्या नाहीत. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्या तशाच राहिल्या. घरे बदलली, तो डबा बरोबर राहिला. चाची काही वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारी झाली. मागच्या वर्षी तिच्या नातीचा फोन आला. ती शिकलेली, नोकरी करणारी. म्हणाली, "मामू, तुम्ही आजीचं शूटिंग केलं होतं म्हणे. घरात तिचा एकही फोटो नाही. आवाजही नाही."

टेप चालवायला जुने यंत्र शोधावे लागले. प्रत करून घेतली आणि आम्ही स्वतः ती घेऊन वेळापूरला गेलो. नव्या पालखी मार्गाच्या कामाने रस्ता ओळखू येत नाही. चाची जिथे पेटी मांडायची ती जागा नेमकी कोणती, हे आम्हा दोघांनाही सांगता आले नाही. घरच्या सगळ्यांनी मिळून ते चित्रण पाहिले. आजीचा आवाज आला तेव्हा चाचीचा मुलगा उठून बाहेर गेला. नात शेवटपर्यंत बसली. ते बोलणे आले, ते गप्प बसणे आले. संपल्यावर आम्ही विचारले, की याचे काय करायचे. अमानत ज्याची त्याला परत करा, असा हुकूम आहे, म्हणून ती परत केली; आता तुम्ही म्हणाल तसे.

आमच्या मनात होते, की आता चाची नाही, तेव्हा हरकत नसावी. नातीने ते ओळखले असावे. ती म्हणाली, "आजी गेली. पण मामू, आम्ही अजून इथंच आहोत."

आम्ही मान डोलावली. मग या वेळी आम्ही तो राहिलेला प्रश्न विचारला. हे सांगायचे झाले तर कसे सांगावे?

तिने थोडा विचार केला. "लिहा," ती म्हणाली. "चेहरा नको. नाव नको. पण ती बाई वर बघितली नाही, हे लिहा. कुठं तरी ती वाचेल."

हा लेख त्या इजाजतीने लिहिला आहे. यात काही खुणा आम्ही बदलल्या आहेत, आणि हे लिहून झाल्यावर आधी तिला वाचून दाखवले आहे. तिने दोन वाक्ये काढायला सांगितली. ती काढली. लेखणीला चेहरा झाकता येतो, कॅमेऱ्याला ते सहसा जमत नाही. म्हणून ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याच्यावर जबाबदारी अधिक. आज तो प्रत्येकाच्या हातात आहे. मोहल्ल्यातले प्रत्येक पोर आज कातिब आहे, आणि टेप संपण्याची भीती नसल्यामुळे बटण दाबण्यापूर्वीचा तो क्षणभराचा विचारही गेला आहे. त्या मुलांना तसवीर हराम की हलाल हे सांगत बसण्यापेक्षा, समोरच्याला 'कसे' हा प्रश्न विचारायला शिकवता आले, तर आमच्या त्या बेताच्या गुणांचे चीज झाले असे आम्ही समजू.

आणि ती बाई हे वाचत असेल, तर तिला आमचा सलाम. चाचीने तुमचे नाव आम्हाला शेवटपर्यंत सांगितले नाही. आम्ही दोनदा विचारले होते. तेही टेपवर आहे.